हराळवस्तीचं कार्ड

शुक्रवार पेठ, सोलापूर
९ नोव्हेंबर १९७५

दादा,

तुझा पत्ता चन्नप्पाकडून मिळाला. टँकरवरचा चन्नप्पा. आता तो एस.टी.वर आहे, परवा स्टँडवर भेटला. म्हणाला, "एकनाथबाबू कुर्डुवाडीला हायत की. स्टेशनासमोरच्या खानावळीत वाढतात." मी म्हटलं, दुसरा कुणी असेल. तर म्हणाला, "बाई, सहा म्हैनं त्यांच्या हातची चिठ्ठी घेऊन गाडी काढली म्या. माणूस वळखायला चुकंन व्हय?"

अडीच वर्षं झाली तुला जाऊन. तू एवढ्या जवळ असशील असं वाटलं नव्हतं.

आई बरी आहे. घरमालकांनी मागच्या खोलीचे पत्रे बदलले. माझा प्रबंध संपत आलाय. सरांना एप्रिलपर्यंत हवाय. विषय तोच, तू थट्टा करायचास तो. माहिती ठेवायची पद्धत कितीही चोख असली तरी ती शेवटी कुणीतरी माणूस वाचतो. तर त्या माणसाचं डोकं ती कशी घेतं, कुठे दमतं, कशावर विश्वास ठेवतं.

प्रबंधात तू आहेस. नावानं नाही, 'कर्मचारी अ' म्हणून. तुझी हरकत नाही एवढी एक ओळ हवी होती. सर म्हणतात गरज नाही, पण मला हवी आहे. सोबत पत्ता घातलेलं कार्ड पाठवतेय, फक्त सही केलीस तरी चालेल.

त्या मे महिन्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुलाही ते वाचावंसं वाटत नसेल.

पद्मा

---

शुक्रवार पेठ
४ जानेवारी १९७६

दादा,

तुझं कार्ड आलं नाही. आलं नाही तेच बरं झालं, कारण तू सही करून पाठवली असतीस तर मी गप्प बसले असते.

तुला ठाऊक असलेलंच आज पुन्हा लिहितेय. प्रबंधात मी ते जसं मांडलंय तसं ते घडलं नव्हतं. खरं कसं होतं ते एकदा तरी माझ्या अक्षरात असावं.

बहात्तरच्या डिसेंबरात सूतव्यापाऱ्यांच्या पाणी समितीनं बावीस टँकर लावले आणि कापसाच्या जुन्या गोदामात तुला टेबल दिलं. कोणत्या गावाला आज पाणी जायचं ते तू ठरवायचास. सगळं तुझ्या डोक्यात. कुणी दारात उभं राहिलं की तू विचारायचास, "कुठलं गाव? कुणाच्या घरचे?" आणि मागच्या खेपेला त्यांच्या गावचा हौद फुटला होता हेही तुला आठवायचं. मी सरांना तुझ्याबद्दल सांगितलं ते कौतुकानंच. सर पुण्याहून बघायला आले. दोन दिवस तुझ्याजवळ बसले आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "तुमचा भाऊ हुशार आहे. पण ज्या वस्तीतून कुणी शहरात येत नाही, ती त्याच्या डोक्यात नाही. तिला पाणी कोण देणार?"

ते खरं होतं, दादा. हे मला आजही म्हणायचंय. आम्ही कार्डं केली ती उगाच नाही. कडेला भोकं पाडलेली कार्डं, प्रत्येक वस्तीचं एक. पाणी पाठवलं की त्या दिवसाच्या भोकाची कड कात्रीनं कापायची. मग गठ्ठ्यातून स्वेटरची सुई घालून उचललं की पाणी मिळालेल्यांची कार्डं खाली पडायची आणि न मिळालेल्यांची सुईवर लटकून राहायची. पहिल्याच महिन्यात सुईनं चौदा वस्त्या काढून दिल्या. तू ती कार्डं हातात धरून म्हणालास, "पद्मे, मला ह्यांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती." तुझे डोळे भरले होते. मला इतका अभिमान वाटला होता.

कार्डावर नाव नव्हतं, आकडा होता. पहिला अंक दिशेचा, पुढचे दोन वस्तीचे. चन्नप्पासारख्यांच्या गाडीत आकडे आणि गावं यांची यादी चिकटवलेली. तू चिठ्ठीवर आकडा लिहायचा, त्यांनी गाडी काढायची.

तू म्हणालास, "नाव राहू दे की कोपऱ्यात. बारीक अक्षरात."

मी म्हटलं, "नाव असलं की तू नावावर जाशील. मग आकड्यांवर काम होतं की नाही हे मला कळणार कसं?"

तू हसलास. "बरं बाई. प्रयोग तुझा."

आता तुला ठाऊक नसलेलं लिहिते. कार्डं सुरू करायच्या आधी मी कॉलेजात एक चाचणी घेतली होती. बारा जणांना सहाशे आकडे उतरवून घ्यायला लावले. एकतीस चुकले. त्यातल्या एकोणीस ठिकाणी शेवटचे दोन अंक उलटे पडले होते, आणि बहुतेक दुपारच्या जेवणानंतर. चांगली डोळस, शिकलेली माणसं होती ती. मी कागद सरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "ही माणसाची चूक आहे, पद्धतीची नव्हे. सवयीनं जाईल. हे दुसऱ्या लेखात घेऊ."

मी तो कागद फायलीत ठेवला. तुला दाखवला नाही. रोज संध्याकाळी आपण एकाच स्वयंपाकघरात जेवत होतो आणि तुला एवढंसुद्धा सांगितलं नाही, की दुपारी अंक दोनदा वाच.

हराळवस्ती आणि बोरखडी ही नावं लहान पोरसुद्धा एकाच्या जागी दुसरं वाचणार नाही. ४७१ च्या जागी ४१७ कुणीही वाचेल. तसंच झालं, कार्ड हराळवस्तीचं कापलं गेलं आणि चिठ्ठीवर बोरखडीचा आकडा पडून गाडी तिकडे गेली.

आज इथेच थांबते.

पद्मा

---

सोलापूर
२२ फेब्रुवारी १९७६

दादा,

मी हराळवस्तीला जाऊन आले. अक्कलकोट रस्त्यावर फाट्याला उतरून पुढं दीड तास चालत. आधी कधी गेले नव्हते. तूही गेला नसशील. आपण दोघांनी सहा महिने त्यांना पाणी पाठवलं आणि तिथं काय आहे ते आपल्याला माहीत नव्हतं. एकवीस घरं आहेत. उत्तरेला दगडाची खाण आहे, तिच्या तळात पाणी साठतं. आताही साठलेलं होतं, हिरवं.

गोजाबाईंचं घर विचारलं. हो, तीच, त्या दिवशी गोदामात तुझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिलेली. समितीच्या अहवालात तिचं नाव नव्हतं, मी गावात विचारलं की त्या उन्हाळ्यात सोलापूरला चालत कोण गेलं होतं. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

ती दारात तूर पाखडत होती. म्हणाली, "वळख लागत न्हाय."

मी म्हटलं, "पाण्याच्या ऑफिसात बाबू होते ना, एकनाथबाबू. मी त्यांची बहीण."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता उठून घालवून देईल. ती म्हणाली, "ते बाबू कुटं हायत आता?"

"कुर्डुवाडीला. नोकरी गेली त्यांची."

"व्हय. आइकलं व्हतं." मग, "मी तितं आलते तवा तुमी व्हता का? एक बाई कोपऱ्यात बसून लिवत व्हती."

"मीच होते."

दादा, समितीनं त्या मे महिन्यावर बसवलेल्या चौकशीत मी सांगितलं होतं की मी बारा वाजता घरी गेले. गोजाबाई एक वाजता आली. तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती, त्यांनी विचारलं आणि मी सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून बारा म्हटलं. आणि तू, ज्याला मान वर करायचीही गरज नव्हती, तू म्हणालास, "व्हय, ती गेली होती." मी ते तिच्या दारात बसून पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

तिनं विचारलं, "मग काय लिवलं व्हतं माजं?"

माझी वही पिशवीत होती. चौकशीला मागितली तेव्हा हरवली म्हणून सांगितलेली वही. ती मी बरोबर का नेली होती ते मला माहीत नाही. मी पान काढून वाचलं. "स्त्री, वय अंदाजे पन्नास. सहा दिवस पाणी नाही अशी तोंडी तक्रार. कर्मचारी अ याने कार्ड तपासले. कार्डानुसार परवा पाणी पोचले. तक्रार अमान्य. निर्णयास लागलेला वेळ, अकरा सेकंद."

"पन्नास?" ती म्हणाली. "मला तवा तीस सरलं नव्हतं, बाई."

मी वही मिटली. ती म्हणाली, "अकरा शेकंद म्हंजी किती?"

मी मोजून दाखवले. एक, दोन, असं अकरापर्यंत, जसं घड्याळात पडतात तसं. मोजताना ती माझ्या तोंडाकडं बघत होती. इतका वेळ असतो हे मला माहीत नव्हतं, दादा. मी ते शेकडो वेळा लिहून काढलं होतं.

ती म्हणाली, "लई हाय की. येवढ्या येळात मानसाला कळतंय, म्होरलं मानूस खरं बोलतंय का खोटं."

तिची मुलगी रंभा. सहा वर्षांची. अहवालात 'तीन मृत्यू, अतिसार' असं आहे, त्यातली एक. आई सोलापूरला गेली म्हणून थोरल्या पोरांनी तिला खाणीतलं पाणी पाजलं. म्हणजे गोजाबाई इथं आपल्यासमोर उभी होती त्याच वेळी. गोजाबाईंनी हे रडून सांगितलं नाही. सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि पाखडता पाखडता सांगितलं. मी निघाले तेव्हा उठली नाही. "उन्हाचं जाऊ नका," एवढंच म्हणाली.

मी उन्हाचीच निघाले.

पद्मा

---

सोलापूर
१५ मार्च १९७६

दादा,

पुन्हा येऊ नको म्हणालास. लिहू नको असं म्हणाला नाहीस, म्हणून लिहितेय.

काल खानावळीत तू मला ओळख न देता ताट वाढलंस. मी जेवले. तू किती बारीक झालायस. बाकीच्यांना तू न विचारता वाढत होतास, कुणाला ज्वारीची, कुणाला बाजरीची, कुणाला मीठ जास्त. सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर समोर येऊन बसलास तेव्हा मला वाटलं होतं, तू माझ्यावर ओरडशील. मी त्यासाठीच आले होते, खरं सांगायचं तर.

मी म्हणाले, "त्या दिवशी ती बाई बोलत होती आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी पेन्सिल कार्डाकडे केली. म्हणून तू तिला नाही म्हणालास."

तू मान हलवलीस. तुझे शब्द मी गाडीत बसल्या बसल्या उतरवून घेतले, ही सवय जात नाही. तू म्हणालास, "मला कळलं होतं, पद्मे. तिचे ओठ फुटले होते. तिला थुंकी गिळता येत नव्हती. सहा महिने मी तहानलेली माणसं ऐकत होतो, मला कळणार नाही व्हय? खरं बोलतीय हे ती दारात आली तेव्हाच कळलं होतं. तरी मी कार्ड वाचलं."

"का?"

"बरं वाटायचं. दिवसाला चाळीस जणांना नाही म्हणायचं असायचं. तू कोपऱ्यात बसायचीस, तुला काय ठाऊक. आधी मी नाही म्हणायचो आणि घरी येऊन झोप यायची नाही. मग कार्ड नाही म्हणायला लागलं. मी नुसतं वाचून दाखवायचो."

दादा, माझ्या दोनशे ऐंशी पानांत हे कुठंच नाही. डोळा कुठे चुकतो, आठवण किती अंक धरते, सगळं आहे. माणसाला खरं दिसत असतं आणि तरी तो कागदाकडे वळतो, कारण कागद त्याची सुटका करतो, हे मी मोजलंच नाही. मोजायचं सुचलंच नाही. तुला एकदाही विचारलं नाही.

चौकशीत माझी बाजू का घेतलीस ते विचारलं तर म्हणालास, "एकानं जायचंच होतं. दोघं कशाला?" आणि उठून पाण्याची भांडी गोळा करायला लागलास.

पण ज्यासाठी मला झोप नाही ते हे नव्हे. आई तुला काय बोलली ते मला काल कळलं. चौकशीचा निकाल लागला त्या दुपारी मी सरांबरोबर पुण्याच्या गाडीत होते. परत आले तर तू नव्हतास, आणि आईनं फक्त "गेला" एवढं सांगितलं. तिनं तुला म्हटलं होतं, "तुझ्या हातनं लेकरं गेली. माझ्यासमोर ताटावर बसू नको." आणि तू काहीच न बोलता पिशवी भरलीस. एक वाक्य बोलला असतास. पद्मा तिथं होती, एवढंच.

पावणेतीन वर्षं आई मला तुझ्याबद्दल बोलू देत नाही. मला वाटायचं तिला तुझी शरम वाटते. ती स्वतःच्या शब्दांना घाबरून गप्प होती.

तू मला वचन मागितलंस, आईला सांगायचं नाही. मी मान हलवली. पण मोठ्यानं हो म्हटलं नव्हतं, ते आठवून बघ.

पद्मा

---

शुक्रवार पेठ
२८ एप्रिल १९७६

दादा,

हे पत्र मिळताच वाच.

प्रबंधात शेवटी एक प्रकरण घातलं. चाचणीतल्या एकतीस चुका, कार्डावर नाव का ठेवलं नाही, गोजाबाई, वहीतलं पान, माझी पेन्सिल. सगळं. बाईंना विचारून त्यांचं नाव घातलं. सरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत दिलं. म्हणाले, "हे संशोधन नव्हे, कबुली आहे. निरीक्षक प्रयोगाच्या बाहेर असतो, पद्मजा."

मी म्हटलं, "मी बाहेर नव्हते, सर. मी खोलीत होते."

ते प्रकरण काढलं तर सही करतो म्हणाले. मी काढलं नाही. म्हणजे पदवी नाही. जूनपासून मुलींच्या शाळेत जागा मिळालीय, पाचवी-सहावीच्या वर्गांना. सर वाईट नाहीत. त्यांनाही ती चौदा कार्डं आठवतात.

समिती मोडली ती कधीच. चौकशीला बसलेल्या तिघांपैकी एक जण भेटले, त्यांच्या दुकानात. मी तेव्हा खोटं बोलले होते असं कबूल करणारं माझं पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं. "आता कशाला उकरता, बाई?" म्हणाले. तेव्हा तुझं नाव कुठल्या कागदावर धुऊन निघेल असं दिसत नाही. मला ते तुला आणून द्यायचं होतं. जमलं नाही.

आईला मी सांगितलं. गेल्या आठवड्यात मंगळवारी, सकाळी, ती भाजी निवडत होती तेव्हा. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तू खोटं बोललीस ते त्याला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी त्याला तसं बोलले तेव्हासुद्धा?"

"हो."

ती भाजी तशीच टाकून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी वाढलं तर जेवली, हाक मारली तर ओ दिली नाही. तिसऱ्या दिवशी ट्रंकेतून तिचं बाहेरचं लुगडं काढून उन्हात घातलं आणि म्हणाली, "मला गाडीत बसवून दे."

मी म्हटलं, "मी येते बरोबर."

"नको. माझं मी जाते. तू बोललीस ते तुझं, मी बोलले ते माझं."

ती येत्या रविवारी, दोन तारखेला, सकाळच्या गाडीनं निघतेय. मी तिला बायकांच्या डब्यात बसवून देईन. दहाच्या सुमाराला तिथं येईल. खानावळीतून तासभर सुटी माग. पळून जाऊ नकोस, दादा. तिला परत पाठवायचं असेल तर पाठव, पण आधी भेट.

एक गोष्ट मी आजवर लिहिली नाही. तिचा उजवा डोळा गेल्या वर्षी गेला आणि डाव्यानं जेमतेम दिसतं. लांबचा माणूस तिला ओळखू येत नाही. फलाटावर ती उभी राहील आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे तू समजून बघत राहील. तुला हाक मारायचं धाडस तिला होणार नाही.

तेव्हा तूच पुढं हो. अगदी जवळ जा आणि काहीतरी बोल, काहीही. आवाज तिला ओळखू येतो.

पद्मा